तीन बोटांचं जाळं

फार जुन्या काळी एक तलाव होता. एवढा मोठा, की एका काठावरून दुसरा काठ दिसत नसे. त्याच्या भोवती तीन राज्यं होती, तीन राजे होते, आणि तिन्ही राज्यांतली गोरगरीब माणसं त्या एकाच पाण्यावर जगत होती.

पश्चिम काठावर येसू नावाची एक बाई राहायची. जाळी विणणं हा तिचा धंदा. तिच्या आईच्या वेळी जाळ्याच्या डोळ्यातून चार बोटं आरपार जायची. मोठा मासा अडकायचा, पिल्लू निसटायचं, आणि यथावकाश तेही मोठं व्हायचं. येसूच्या हाताखाली तोच डोळा बारीक होत गेला. आधी तीन बोटं, मग दोन, मग एक. आता त्यातून करंगळीसुद्धा जात नव्हती.

हुकूमच तसा होता. दर साली तिन्ही राजे तलावातल्या बेटावर जमत. मोठा तंबू लागे, चौघडा वाजे, आणि "मासळी वाचवू, बारीक जाळं वापरणार नाही" अशी शपथ तिघे एकदम घेत. मग आपापल्या नावेत बसले, की प्रत्येक जण कारभाऱ्याच्या कानात सांगे, "ते दोघे काही पाळायचे नाहीत. आपण कशाला मागे राहायचं? जाळी आणखी बारीक करायला सांग." राजे तीन, अक्कल एकच. आणि लाज एकालाही नव्हती.

एके साली येसूच्या दिराने, भिवाने, दिवसभर जाळं ओढलं आणि टोपलीभर नखाएवढी पिल्लं घरी आणली. दुसरं काही लागलंच नव्हतं. येसूने टोपलीत हात घातला. पिल्लं तिच्या बोटांना चिकटली. मग ती म्हणाली, "भावजी, मला बेटावर सोडा. राजे जमलेत तिथे. ही टोपली मी त्यांच्यापुढे ओतणार आहे."

तंबूच्या दाराशी कारभाऱ्याने तिला अडवलं. "इथे राजे बोलतात. तुझं काय काम?"

"मी जाळी विणते. तलावात काय उरलंय ते मला ठाऊक आहे."

"बरं, ऐकलं तुझं. आता नीघ."

पण पडदा थोडा सरकलेला होता. आत राजांच्या ताटांत तळलेली गाभोळी वाढली जात होती. मासळीच्या पोटातली अंडी, ढीगच्या ढीग. एक राजा हात वर करून पुढच्या पिढ्यांसाठी तलाव राखण्यावर बोलत होता, आणि त्याच्या ओठांना तलावाची पुढची पिढी चिकटलेली होती.

येसूच्या मस्तकात तिडीक गेली. "अरे, खाताय काय तुम्ही!" ती ओरडली. "तोंडात काय आहे ते तरी बघा!"

शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर ढकललं. टोपली चिखलात उलटली.

तिथे आणखी दोन टोपल्या उलटलेल्या होत्या. एक पूर्व काठच्या म्हाळू नावाच्या म्हाताऱ्याची, दुसरी दक्षिण काठच्या ठकूची. दोघंही जाळी विणणारीच. दोघांनाही तिच्या आधी असंच हाकललं होतं.

पण येसूला दिसला तो आधी त्यांचा पेहराव, परक्या काठाचा. तिचा सगळा राग तिकडे वळला. "तुम्हीच ते चोर! तुमच्यामुळे आमच्या घरात चूल पेटत नाही!"

"आम्ही?" म्हाळू काठी आपटत उठला. "अगं, तुमच्या काठाने तलाव खरवडून नेला, अशी आमच्या गावात दवंडी पिटतात!"

"आमच्याकडे तुम्हा दोघांच्या नावाने पिटतात," ठकू म्हणाली आणि खाली बसून पिल्लं गोळा करू लागली. करता करता थांबली. "यातली माझी कुठली आणि तुमची कुठली, सांगा बरं."

कुणालाच सांगता येईना. सगळी सारखीच होती. नखाएवढी आणि मेलेली.

तेव्हा येसूला खरा राग आला. आधीचा नुसता भडका होता. हा राग थंड होता, आणि कुणावर तुटून पडायचं ते त्याला कळत होतं.

"शपथ ते घेतात," ती म्हणाली, "पण जाळी कोण विणतं? आपण. तीन बोटांपेक्षा बारीक डोळा विणायचाच नाही. कुणीही सांगितलं तरी."

"आणि घरी जाऊन तूच विणलंस तर?" म्हाळूने विचारलं.

"मग येऊन बघा ना, बाबा. माझ्या काठची जाळी तुम्ही मोजा. तुमची ठकूबाई मोजतील. त्यांची मी मोजीन."

तिथेच त्यांनी बांबूचे तीन सारखे तुकडे कापले, बरोबर तीन बोटं रुंद. एकेक तुकडा एकेकाने कमरेला खोचला, तिघं आपापल्या काठाला गेली आणि तिथली बारीक जाळी त्यांनी मोडायला लावली.

गावात येसूला कुणी हार घातले नाहीत. पहिल्याच आठवड्यात मोठ्या डोळ्याचं जाळं रिकामं वर आलं, आणि भिवाने ते तिच्या अंगणात आणून आदळलं.

"वहिनी, पोरं आज उपाशी आहेत. तुमचे मासे मोठे व्हायचे तेव्हा होतील!"

"माझी चूलही थंडच आहे, भावजी. पण आज पिल्लं खाल्ली तर पुढच्या साली चिखल खावा लागेल. आणि या वेळी आपण एकटे उपाशी नाही. तिकडचेही आहेत."

"कशावरून?"

"चला माझ्याबरोबर. मोजायलाच निघालेय."

भिवा धुसफुसतच गेला. दक्षिण काठावर त्याने गावभर हिंडून जाळी तपासली. एकही बारीक सापडलं नाही. घरोघरी कंदमुळं शिजत होती. एका म्हातारीने आपल्यातली अर्धी त्याला वाढली. दुसऱ्या दिवशी मोठ्या डोळ्याचं जाळं खांद्यावर टाकून तो नावेकडे गेला.

मग राजाचा कारभारी आला. राजाच्या मुदपाकखान्यासाठी बारीक जाळी हवी होती. येसू नाही म्हणाली. शिपायांनी तिची जाळी आणि वर्षभर वळून ठेवलेलं सूत अंगणातच पेटवून दिलं आणि तिला कोठडीत टाकलं.

मग राजाने बारीक जाळी विणून आणायला पूर्वेला माणूस पाठवला. म्हाळूने हात जोडले, पण विणलं नाही. तिथल्या राजालाही तशीच जाळी हवी होती; त्याने त्या म्हाताऱ्याला चाबकाने फोडून काढलं. त्या दुखण्यातून तो उठलाच नाही. त्याच्या गावाने तरीही विणलं नाही. दक्षिणेला माणूस गेला, तेव्हा ठकू म्हणाली, "म्हाळूबाबांना मारल्यावर आम्ही विणू, असं वाटलं तरी कसं तुम्हाला?"

येसूला तिच्या राजाने पुढ्यात उभं केलं. तो खरोखरच चक्रावला होता. "त्या दोघा राजांशी केलेला माझा करार कधी महिनाभर टिकला नाही. तुम्हा भणंगांचा कसा टिकतो?"

"आम्ही एकमेकांचं मोजतो, महाराज. तुम्ही नुसत्या शपथा घेता."

राजाचा तिळपापड झाला. पण करतो काय? बारीक जाळं विणणारा एकही हात तिन्ही काठांवर उरला नव्हता. त्याने तिला सोडून दिलं.

तिसऱ्या साली मासळी परतली. मरळ आली, वाम आली. लाल परांचा खडस मात्र आला नाही. तो मासा त्या तलावात पुन्हा कुणालाही दिसला नाही.

मग राजे बेटावर जमले, आणि काय केलं म्हणता? एक मोठा दगड उभा केला. त्यावर कोरलं, 'तीन महाराजांच्या कृपेने तलाव वाचला.' म्हाळूचं नाव त्यावर कुठेच नव्हतं.

त्या दिवशी येसू बेटाच्या धक्क्यावर उतरली ती एकटी नव्हती. तिन्ही काठांच्या होड्यांनी पाणी झाकून गेलं होतं. तिने सरळ राजांच्याच नावा तपासायला घेतल्या. तिच्या स्वतःच्या राजाच्या नावेत, गालिच्याखाली, करंगळी जाणार नाही असं जाळं निघालं. ते फरफटत ती तंबूत शिरली. कारभारी आडवा आला, मागची माणसं पाहून बाजूला झाला.

"जुनं आहे ते," राजा पुटपुटला. "चुकून राहिलं असेल."

"आणि म्हाळूबाबा? तेही चुकून मेले?"

येसूने कमरेची सुरी काढली आणि ते जाळं तिन्ही राजांच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडलं. मग ती राजांच्या मधोमध सतरंजीवर बसली. एका बाजूला ठकू बसली, दुसऱ्या बाजूला म्हाळूची लेक.

"हं, बोला आता," येसू म्हणाली. "पण शपथेच्या आधी यापुढे तुमच्या नावांतली जाळी मोजली जातील. आणि मोजणार आम्ही."

त्या सालापासून नावांतली जाळी मोजल्याशिवाय तिथली एकही सभा सुरू झाली नाही. राजांना ते कधीच आवडलं नाही. तलावात मासे मात्र राहिले.

बोध: करार राजे करतात, पण पाळतात ती काठावरची माणसं; त्यांना दाराबाहेर ठेवून घेतलेल्या शपथेने एक पिल्लूही वाचत नाही.