कालचे भविष्य सांगणारा पोपट

एका राज्यात अर्थपाल नावाचा राजा होता, आणि त्या राजाला उगाच बसलेले मांजरही खपत नसे. त्याच्या भांडारात मायावी कौतुकनाथाने घडवलेली चार नवले होती. पायताणे अशी, की पावलागणिक उजेडाची फुले उमलत आणि पुढच्या पावलाला विझून जात. छत्री अशी, की उघडली की बाहेर कोरडे आणि आत पाऊस. तलवार अशी, की उगारली की गाऊ लागे; तिने साधी काकडी मात्र कापली जात नसे. चौथा होता पोपट. तो मान ताठ करून, डोळे मिटून भविष्य सांगे, पण कालचे. “मुदपाकखान्यात खीर करपेल,” असे तो गंभीरपणे म्हणे, आणि खीर काल करपलेली असे.

भांडार सांभाळणाऱ्या केतकीबाईचा या चौघांवर फार जीव. ती त्यांना रोज पुसून ठेवी आणि रोज एकदा छत्री उघडून चिंब भिजे. बाई वेडी नव्हती बरे. तिला मजा वाटे, एवढेच.

एकदा राजाने भांडाराची झडती घेतली. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न: कापते का, पोट भरते का, रक्षण करते का? तिन्हींचे उत्तर नाही आले की वस्तू बाहेर. पायताणे, छत्री आणि तलवार शिपायांनी डोंगरापलीकडे कौतुकनाथाच्या गुहेपुढे नेऊन टाकली. पोपट तेवढा केतकीबाईने पदराखाली दडवला.

कौतुकनाथाला राग आला, आणि का येऊ नये? त्याने शाप दिला, “राजा, तुझ्या राज्यात जे उपयोगाचे नाही, ते विरून जाईल.”

राजाला हा वरच वाटला. अंगणातल्या रांगोळ्या दुपारच्या आत पुसट होऊ लागल्या. गुराख्यांच्या शिट्ट्यांतला सूर गेला. पोपटाचा हिरवा रंग उडाला. राजा म्हणे, बरेच झाले, राज्य हलके झाले. मग राणी शशिप्रभेला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी तिने बाळाचा तळहात उचलला, तर त्यातून पाळण्याची नक्षी आरपार दिसली. तान्हे मूल कापत नाही, पोट भरत नाही, रक्षण करत नाही. हे सगळ्यांच्या ध्यानात आले.

राजाने बाळ छातीशी बांधले आणि गुहेची वाट धरली. नवलांची रीत एकट्या केतकीबाईला ठाऊक, म्हणून तीही पोपटाला घेऊन बरोबर निघाली.

कौतुकनाथ दारातच बसला होता. तो म्हणाला, “या तीन वस्तू एकेक करून हाती घे. कशाचाही उपयोग करू नकोस. केलास, तर बाळ आणखी विरेल.”

एवढेच ना, असे राजाला वाटले. त्याने पायताणे चढवली. गुहेत पावलोपावली फुले उमलली, आणि राजा म्हणून गेला की ही पहारेकऱ्यांना बरी पडतील. फुले विझली. बाळाची पावले दिसेनाशी झाली.

त्याने छत्री उघडली. आत पाऊस पडू लागला आणि राजाचा हात आपोआप कमरेच्या लोट्याकडे गेला; एवढे पाणी वाया कसे घालवायचे? बाळ गळ्यापर्यंत विरले. जन्माची सवय ती, अशी घटकेत थोडीच सुटते?

तलवारीपाशी राजा थांबला. त्याने केतकीबाईला विचारले, “बाई, तू या वस्तूंचे काय करत होतीस?”

“काही नाही, महाराज. त्यांच्याजवळ बसत होते.”

राजा खाली बसला. बाळाला मांडीवर घेऊन त्याने तलवार उगारली. तलवार गाऊ लागली. बाळाचा आता चेहराच काय तो उरला होता. तो सुराकडे वळला आणि बोळक्या तोंडाने हसला. राजाने तलवार पुन्हा उगारली. बाळ पुन्हा हसले. राजाचा मुकुट घरंगळत गुहेच्या कोपऱ्यात गेला, तरी त्याचे तिकडे लक्ष नव्हते.

कौतुकनाथ म्हणाला, “राजा, हे मूल कशाच्या उपयोगाचे?”

“कशाच्याच नाही,” राजा म्हणाला. “जरा थांब, तो ऐकतो आहे.”

तेव्हाच शाप तुटला. राजाला ते कळले नाही. बाळाने पोटात सणसणीत लाथ मारली, तेव्हा कळले. मग तो रडला, आणि केतकीबाईही रडली.

तिन्ही वस्तू भांडारात परत आल्या. रांगोळ्या संध्याकाळपर्यंत टिकू लागल्या. दुसऱ्या दिवशी दरबार भरला, तेव्हा हिरव्यागार पोपटाने मान ताठ केली, डोळे मिटले आणि भविष्य सांगितले, “डोंगरापलीकडे एक बाळ हसेल.”

राजाला सगळे ठाऊक होते. तरी तो सिंहासनावरून पुढे झुकला आणि म्हणाला, “आणि मग?”