चमकी आन परातीएवढं ताट

ओढ्याकाठच्या एका गावात सर्जेराव नावाचा एक तापट गडी राहायचा. जमिनीतला धातू हुडकायचं मशीन त्याच्यापाशी व्हतं. लांब दांडा, आन दांड्याच्या टोकाला गोल ताट. ते ताट जमिनीवरनं फिरवायचं. खाली धातू असला की मशीन बोंबलायचं. कुनाच्या नांगराचा फाळ, कुनाच्या बैलाची घंटी, कधी वीतभर खोल गेलेलं शिवराईचं जुनं नानं, सर्जेराव काढून द्यायचा. गाव मान द्यायचं. त्या मानानं गड्याचं डोकं जरा जास्तच वर गेलं व्हतं.

मशीनबरोबर दोन ताटं आली व्हती. एक परातीएवढं, एक बशीएवढं. सर्जेराव म्हनायचा, "परात असताना बशी कोन चाटतंय?" मग त्याच्या बायकोनं, शेवंतानं, ती बशी दह्याच्या गाडग्यावर झाकन म्हनून ठेवून दिली.

एक दिवस त्याच गावातल्या राजाक्काच्या नाकातल्या चमकीचं मळसूत्र ढिलं झालं आन सोन्याची चमकी अंगनात पडली. पोरीच्या लग्नाचा मांडव आदल्याच दिवशी उतरला व्हता. मातीत खिळे, तारा, बाटल्यांची बुचं, काय न्हाई ते पडलेलं. सर्जेरावाला बोलावनं गेलं.

त्याच अंगनात हौसा झारेकरीन पानी प्यायला टेकली व्हती. सोनाराच्या दारातला केर झाडून न्यायचा, पान्यात धुवायचा आन त्यातनं सोन्याचा कन काढायचा, ह्यात तिचे केस पांढरे झाले व्हते. सर्जेरावाचं मोठं ताट बघून ती म्हनाली, "लेकरा, बारीक ताट लाव. ह्या परातीखाली एकदम चार खिळे येत्यात. त्यांच्या गलक्यात एवढुशा सोन्याची हाक कशी ऐकू यायची?"

चार बाया हसल्या. सर्जेरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मशीन माझं का तुझं? तू आपला केर धू, म्हातारे!"

त्यानं अंगन तीनदा पालथं घातलं. खिळे निघाले, बुचं निघाली. चमकी न्हाई. सगळ्यांची नजर त्याच्यावर. आता आपन खोटे पडतो का काय, ह्या भ्यानं तो ओरडला, "माझ्या ताटाला गावली न्हाई, म्हंजे ती ह्या मातीतच न्हाई! सोन्याची चटक कुनाला हाय ते बघा की!"

बघायला अंगनात परकी बाई एकच व्हती.

हौसा उठली. तिनं ओचा झटकला. चंची उलटी केली. पान, चुना, तंबाखूची चिमूट, एवढंच खाली पडलं. राजाक्का म्हनाली, "अंबाड्यात बघा, अंबाड्यात!" म्हातारीनं अंबाडापन सोडला. पांढरे केस खांद्यावर पडले. काय निघालं न्हाई. सर्जेराव दांड्याला धरून नुसता बघत राहिला. म्हातारी तशीच मोकळ्या केसांनी भर रस्त्यानं निघून गेली.

सर्जेराव घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली व्हती. शेवंतानं जेवायला वाढलं न्हाई. तिनं दह्यावरची बशी काढली, पदरानं पुसली आन त्याच्या पुढ्यात आदळली. "म्हातारी सांगत व्हती तेवढं तर करून बघा. न्हाई गावली, तर तुमचंच खरं."

"न्हाईच गावनार," म्हनत तो तरातरा माघारी गेला. बशी दांड्याला लावली. अंगनात त्या वक्ताला कुनी नव्हतं. बोट-बोट सरकत तुळशीपाशी आला, आन दोन खिळ्यांच्या मधी मशीन बारीक कुंईं करून बोललं. त्यानं दोन बोटं माती उकरली.

चमकी.

सर्जेरावानं ती तळहातावर घेतली.

तेवढ्यात राजाक्का आतनं आली. चमकी बघून तिचं तोंड फुललं. "गपचूप आनून टाकली बघ म्हातारीनं! भ्याली तुला. तुझा दरारा लई, सर्जेराव!"

झालं! आयती पळवाट. त्यानं नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागत व्हतं. मशीन खरं, सर्जेराव खरा, गाव खूश. 'हं' त्याच्या ओठांवर आलंपन व्हतं. पन डोळ्यांपुढनं ते पांढरे केस हलंनात.

"न्हाई, आक्का," तो म्हनाला. "कुनी आनून टाकली न्हाई. दोन खिळ्यांत रुतून बसली व्हती. म्हातारीनं सांगितलं ते खरं व्हतं. म्या ताट चुकीचं लावलं, आन वर तिलाच चोर केलं."

राजाक्काचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं चमकी उचलली, पन नाकात घालायचा तिला धीर झाला न्हाई.

सर्जेराव ओढ्यावर गेला. हौसा पान्यात केर धूत व्हती. तो लांबच उभा राहिला.

"आजी, चुकलो मी."

तिनं मान वर केली न्हाई. "गावली?"

"गावली."

"बारीक ताटाला?"

"बारीक ताटाला."

"मग मला काय सांगतोस? मी चोर न्हाई हे मला ठावं हाय. ज्यांनी ऐकलं त्यांना जाऊन सांग."

सर्जेराव वेशीपासनं निघाला. दारोदार उभं राहायचं, मान खाली घालायची, आन सांगायचं. कुनी हसलं. कुनी म्हनलं, "लई शाना समजत व्हतास न्हवं?" आदल्या दिवशी असं कुनी बोललं असतं, तर गड्यानं त्याची गचांडी धरली असती. आज ऐकून घेतलं.

सातव्या दारात एक बाई धुनं वाळत घालत व्हती. तिनं सगळं ऐकलं आन कपाळाला आठ्या घालून विचारलं, "चमकी? कसली चमकी, बाबा? चमकीचं आमाला काय ठावं न्हाई. ती झारेकरीन चोर हाय, एवढंच आमच्या कानावर आलंय."

सर्जेरावानं तिला पहिल्यापासनं परत सांगितलं, आन पुढच्या दाराची कडी वाजवली. अजून पन्नास घरं व्हती.

तात्पर्य: बारीक चीज हुडकायला बारीकच ताट लागतं. आपल्याला गावलं न्हाई म्हनून दुसऱ्याला चोर म्हनू नये. आळ एका बोंबेत गावभर जातो, आन तो पुसायला दारोदार पायी हिंडावं लागतं.