नोटीस मालकाच्याच हातात

आमच्या सोसायटीत बिनपरवाना गाडी उचलून न्यायचा नियम चेअरमन कुंभोजकरांनी स्वतः लिहिला होता. नोटीस मालकाच्याच हातात द्यायची, त्याची सही घ्यायची आणि आठ दिवसांनी क्रेन बोलवायची.

माझ्या थोरल्या भावाला, सदाशिवदादाला, जाऊन महिना झाला होता. त्याचा टेम्पो खाली तसाच उभा होता. सीट त्याच्या उंचीची, मागे सरकवलेली. माझे पाय ब्रेकला पोचत नव्हते, आणि सीट पुढे घ्यायला हात धजत नव्हता.

रविवारी कुंभोजकर चार सभासद घेऊन टेम्पोजवळ आले.

"पार्किंगचा परवाना सदाशिवच्या नावाचा होता. तो गेला, परवाना संपला. आता ही गाडी बिनपरवाना."

"काका, थोडे दिवस राहू द्या."

"नियम म्हणजे नियम."

मी नोटीस घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागद मागे ओढला.

"तू कोण? आरसी बुकावर सदाशिवचं नाव आहे. नोटीस मालकालाच मिळेल."

माझं डोकं फिरलं होतं, पण आवाज निघाला तो हळूच.

"मग त्यालाच द्या. त्याची सही आणलीत की आठ दिवस मोजू, क्रेन मी स्वतः बोलवतो. फक्त त्याच्याकडे जाताना मलाही सोबत न्या, काका. महिनाभर त्याची वाट बघतोय."

कुणी हसलं नाही. कुंभोजकरांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"आरसीवरचं नाव बदललंस की सांग," ते म्हणाले. "तोवर राहू दे."

मी अजून नाव बदललेलं नाही.