अज्ञात बाईचा अंगठा

जव्हारकडच्या एका ग्रंथालयात वारली गाण्यांच्या जुन्या ध्वनिफिती होत्या. संचालक डॉ. पाळंदे येईल त्या पाहुण्याला चहासोबत त्यातलं लग्नाचं गाणं ऐकवत.

एक दिवस राजुली वांगड तिथे आली. ती धवलेरी, म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. फितीतला आवाज तिच्या आईचा होता. तिने ग्रंथपाल सुमेधाबाईंना सूचीतलं कार्ड वाचायला सांगितलं.

"विषय, अंधश्रद्धा. गायिका, अज्ञात. संग्राहक, डॉ. पाळंदे."

सुमेधाबाईंना घेऊन राजुली संचालकांकडे गेली. "साहेब, हे गाणं लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकापुढेच गायचं असतं. असं कुणालाही लावू नका."

"बाई, ज्ञान सर्वांना खुलं असतं. शिवाय आमच्याकडे रीतसर संमतीपत्र आहे. हा बघा गायिकेचा अंगठा."

राजुलीने कागद निरखून पाहिला. "गायिका अज्ञात आहे ना? मग हा अंगठा तिचाच, हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"खाली नाव लिहिलंय की, बायजी वांगड," साहेब बोलून गेले.

सुमेधाबाईंनी कागद घेऊन पुढची ओळ मोठ्याने वाचली, "लग्नविधीखेरीज वाजवू नये." मग त्यांनी कोरं कार्ड काढलं, गायिकेचं नाव लिहिलं, खाली ती अटही उतरवली आणि विचारलं, "विषय काय लिहू, राजुलीबाई?"

"लग्न."

"संग्राहक म्हणून माझं नाव तरी राहू द्या," साहेब हळूच म्हणाले.

"राहू द्या ना," राजुली म्हणाली. "आमच्याकडून गाणं नेलं कुणी, ते लोकांना कळायला नको?"