आवडा तांबटिणीचा गडू

“तुझ्या देव्हाऱ्यात होता की गं, मी डोळ्यांनी पाहिलाय.”

“होता. मुशीत गेला. तू तुझं सांग.”

आत आवडा तांबटीण शेवटच्या घटका मोजत होती, आणि ओसरीवर भिवरे शहरातल्या बायका अशा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. आवडाने मागितलं तरी काय होतं? थेंबभर गंगेचं पाणी. काशीहून आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला तांब्याचा गडू एकेकाळी घरोघर असायचा. आज एकीच्याही घरात निघेना. म्हाळसा शेटाणी खांबाला टेकून उभी होती. तिचा गडू ज्वारीच्या कणगीत होता.

फार वर्षांपूर्वीचं हे, शहराला वेढा पडला तेव्हाचं. चांदी संपली, आणि नाण्यावाचून वाणी शिपायांना दाणा देईना. मग शहराने तांब्याची इवलीशी नाणी पाडायची ठरवली, घरोघरचं तांबं मागवलं. आवडाने चावडीसमोर भट्टी मांडली. सगळ्यांत आधी स्वतःचा गडू फोडला, पाणी तटावरच्या रांजणात ओतलं आणि तांबं मुशीत टाकलं. असं म्हणतात, त्या गडूची नाणी ज्या पोत्यावर पडली, त्या पोत्याचा तळ वेढा उठेपर्यंत दिसला नाही.

बाकीच्यांनी काय दिलं? चेपलेल्या पळ्या, भोकाची घंगाळं. वर देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की घरात आता तांब्याचा तुकडा नाही. म्हाळसाची शपथ सगळ्यांत खणखणीत होती.

वेढा उठला, पण भट्टीच्या धुराने आवडाची छाती खाल्ली. आता गडू काढावा तर शपथ उघडी पडते, न काढावा तर शहराला जगवणारी बाई कोरडी जाते. शेवटी म्हाळसा घरी गेली आणि पदराखाली झाकून गडू घेऊन आली. डाख शाबूत, बुडाला ज्वारीचे दाणे चिकटलेले. “कणगीत सापडला,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. ओसरीवर कुणी हसलं नाही. हसणारीचाही गडू कुठेतरी होताच.

असं म्हणतात, त्याच घटकेला शहरातल्या लपवलेल्या सगळ्या गडूंतलं पाणी आटलं. ज्यांनी चोरून हलवून पाहिले, त्यांना आतून आवाज आला नाही.

भिवऱ्यात अजून कुणी गंगेचा गडू ठेवत नाही. माणूस जायला टेकलं, मग ते शेट असो की हमाल, की ओंजळीत आडाचं पाणी घेतात, आवडाचं एखादं झिजलेलं नाणं त्यात बुडवतात आणि मान खाली घालून पाजतात. मान वर करायची सोय तिने ठेवलीच नाही. त्या दिवशी तिने गडूकडे पाहिलं, मग म्हाळसाकडे पाहिलं, आणि म्हणाली, “शेटाणीबाई, तो तसाच झाकून ठेवा, तुमच्या वेळेला लागेल, मला आपलं आडाचं पाणी द्या.”