चिंचेची दहा वर्षं

कोपरखेडच्या सरकारी दवाखान्यासमोर एक जुनी चिंच होती. आत बाई बाळंत होईपर्यंत तिच्या घरची माणसं या चिंचेच्या सावलीत ताटकळत बसत. वैशाखातल्या वादळात चिंचेच्या बेचक्यात उभी चीर गेली आणि तालुक्याहून आलेल्या घोरपडे साहेबांनी झाड पाडायचा हुकूम सोडला.

रखमाजी माळी पुढे झाला. तीस वर्षं तो दवाखान्याची बाग राखत होता. त्याने हात जोडून सांगितलं, "साहेब, वरच्या दोन्ही मोठ्या फांद्या तारेच्या दोराने एकमेकींना बांधू, जड डहाळ्या छाटू, दरसाल तपासू. चीर वाढायची नाही."

"आणि टिकेल किती?"

खोटं बोलणं रखमाजीच्या जिवावर आलं. "फार तर दहा वर्षं."

साहेब जमलेल्या लोकांकडे बघत मोठ्याने हसले. "ऐका! दहाच वर्षांसाठी एवढा खटाटोप! जी जाणारच आहे, ती आज गेली तर काय बिघडलं?"

रखमाजी नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपण निवृत्त कधी होणार?"

"तीन वर्षांनी. का रे?"

"आपली तीनच उरलीत, तरी आपल्याला कुणी आजच घरी जा म्हणत नाही. हिची तर अजून दहा आहेत."

लोकांत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. मग वर चिंचेकडे बघत ते म्हणाले, "दोर केवढ्या जाडीचा लागेल?"