मनकू उईकेचा जामीन

"...आणि सोडल्यावर तो पळाला तर, भन्ते?"

भन्ते उपसेन अंगण झाडत होते. पळसाची वाळकी पानं खराट्यापुढे खुळखुळत सरकत होती.

"पळाला तर... पळाला," ते म्हणाले.

"असं कसं म्हणता? न्यायाधीश मी आहे. उद्या लोक मलाच विचारतील. हा माणूस सागाच्या ओंडक्यांसकट पकडलाय. ह्याचं नाव..."

भन्तेंनी हात वर केला.

"नाव नको सांगू. गावही नको."

"का?"

"तुझ्या समोरचा माणूस आहे तो. माझ्या नाही."

प्रियदर्शी रामटेके अंगणाच्या कडेला टेकला. तालुक्याच्या कोर्टात न्यायदंडाधिकारी होऊन आल्यापासून त्याला कुणी असं मध्येच थांबवलं नव्हतं. रविवारी सकाळी तो गाडी तलावाच्या पाळीवर लावायचा, बूट काढायचा आणि ह्या कुटीत येऊन ध्यानाला बसायचा. शाळकरी वयापासूनची ही सवय. शिकायला नागपूरला गेला तेवढ्यात काय ती मोडली असेल.

त्या रविवारी मात्र त्याला डोळे मिटून बसवेना.

तालुक्यात त्याचा दरारा होता. तालुक्याच्या तीन बाजूंना सागाचं जंगल, आणि त्या जंगलाला लागलेली कुऱ्हाड काही थांबत नव्हती. आधीच्या साहेबांच्या वेळी लाकूडचोर आज पकडले की दोन दिवसांत बाहेर, असं चालायचं. प्रियदर्शी आला आणि ते बंद झालं. लाकडाच्या केसमधला एकही जामीन त्याने दिला नाही. वरच्या कोर्टातून कुणी घेऊन आला तर गोष्ट वेगळी. एका पेपरने त्याला 'सागवानाचा राखणदार' म्हटलं होतं. तो तसं बोलून दाखवायचा नाही, पण ती बातमी त्याने दोनदा वाचली होती.

"तुम्हाला माझ्या बाबांचं ठाऊक आहे," तो म्हणाला.

भन्तेंनी मान हलवली. ठाऊक होतंच. प्रियदर्शीचे वडील वनरक्षक होते. चोरीच्या लाकडाचा एक ट्रक अडवायला ते रस्त्यात उभे राहिले. ड्रायव्हरने ट्रक अंगावर घातला. मांडीपासून पाय गेला. ड्रायव्हर पकडला गेला, त्याच आठवड्यात जामिनावर सुटला, आणि पुन्हा कधी कोर्टाची पायरी चढला नाही. प्रियदर्शीच्या लहानपणी घरात दर तारखेला एकच वाक्य ऐकू यायचं. आजही नाही आला.

"म्हणून मी कुणाला सोडत नाही," प्रियदर्शी म्हणाला. "कायदाही माझ्या बाजूने आहे. जंगल संपत चाललंय. एवढं कारण पुरेसं नाही?"

भन्तेंनी खराटा भिंतीला टेकवला.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"संपत चाललंय म्हणतोस ना... बघून येऊ."

कुटीच्या मागून पायवाट निघत होती. दोघं त्या वाटेने गेले. म्हातारा पुढे, न्यायाधीश मागे. थोडं आत गेल्यावर साग सुरू झाला, आणि आणखी थोडं आत गेल्यावर मध्येच आभाळ उघडं पडलं.

तिथे झाडं नव्हती. खुंट होते.

प्रियदर्शी एका खुंटापाशी वाकला. त्याला लाकूड कळत होतं. हे तोडलेले साग त्याच्या बापाच्या वयाचे असणार. करवतीचा भुसा अजून पिवळा होता, उन्हाने काळवंडला नव्हता.

"बघा," तो म्हणाला. "हे बघा, भन्ते!"

भन्ते एका खुंटावर बसले. शेजारच्या खुंटावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला ओल लागली.

"हे कधी तोडलं असेल?"

"ह्याच आठवड्यात."

"आणि तू ज्यांना आत ठेवलंस, ते कधीपासून आत आहेत?"

"कुणी उन्हाळ्यापासून. कुणी त्याच्याही आधी..."

प्रियदर्शी थांबला.

झाडीत कुठेतरी सुतारपक्षी ठकठक करत होता.

"म्हणजे तोडणारे दुसरे आहेत," प्रियदर्शी म्हणाला. "मोठे असतील. ते हाती लागत नाहीत."

"आणि हाती लागतो तो?"

"...तो हाती लागतो."

भन्ते त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून तर ती जड होती.

"तो ट्रकचा ड्रायव्हर," भन्तेंनी विचारलं, "तुझ्या कोर्टात आला कधी?"

"नाही."

"कितीजणांत शोधलास त्याला?"

प्रियदर्शी वळला. परत येताना तो पुढे चालला, भरभर. पाळीवर येऊन बूट घातले आणि नमस्कार न करताच गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा, मनकू उईकेचा, जामीन अर्ज सुनावणीला निघाला.

मनकू पन्नाशीचा असेल. बैलगाडीत सागाचे ओंडके घेऊन येताना वनखात्याच्या नाक्यावर सापडला होता. बरोबरचे दोघं अंधारात पसार झाले, हा बैल सोडून पळाला नाही. गाडी जप्त, बैल खात्याच्या आवारात, आणि मनकू न्यायालयीन कोठडीत.

सरकारी वकील चिलमवार उठले. अर्ज नामंजूर होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते फार वेळ घेणार नव्हते.

"गुन्हा गंभीर आहे, साहेब. आरोपी नदीपलीकडच्या पाड्यावरचा. सुटला तर सापडणार नाही. आणि पर्यावरणाचा प्रश्न आहे."

मनकूची बाजू कायदेशीर मदतीतून नेमलेल्या भैसारे मॅडमकडे होती. त्या म्हणाल्या, "तपास संपलाय. लाकूड जप्त झालंय. आता ह्याला आत ठेवून नवीन काय मिळणार आहे, साहेब?"

हे वाक्य प्रियदर्शीने ह्याच खुर्चीत बसून कितीदा तरी ऐकलं होतं. ऐकता ऐकता 'नामंजूर' लिहूनही झालेलं असायचं.

आज त्याने मान वर केली आणि आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. नुसतं बघायचं तर होतं.

मनकूचे केस विस्कटलेले होते. तो साहेबाकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर कुणाचा तरी बैल हंबरला, तिकडे त्याची मान गेली होती.

"चिलमवार," प्रियदर्शी म्हणाला, "ओंडके कुणाकडे चालले होते, ते कळलं?"

"आरोपी सांगत नाही, साहेब."

"तपास अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं होतं?"

चिलमवारांनी मागे वळून वनखात्याच्या माणसाकडे बघितलं. तो माणूस पंख्याकडे बघत होता.

"जामीनदार आहे कुणी?"

"नाही, साहेब," भैसारे मॅडम म्हणाल्या. "ह्याच्याकडे जमीन नाही. ओळखीतल्या कुणाकडेही नाही."

प्रियदर्शीच्या डोळ्यांपुढे बाबांची रिकामी विजार आली, मांडीपाशी दुमडून पिन लावलेली. त्याने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं.

"जामीनदार नसला तरी चालेल, जातमुचलक्यावर सोडा," तो म्हणाला. "दर आठवड्याला नाक्यावर हजेरी. आणि प्रत्येक तारखेला इथे."

चिलमवारांचं तोंड उघडंच राहिलं. मनकूला कळलंच नाही. शिपायाने दंडाला धरून सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आन् बैल?"

संध्याकाळपर्यंत तालुक्यात चर्चा झाली. साहेब नरमले. कुणी म्हणालं, वरून फोन आला. त्याच पेपरने दोन ओळींची बातमी छापली आणि राखणदार हा शब्द अवतरण चिन्हात घातला. प्रियदर्शीने ती एकदाच वाचली. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

मनकूची तारीख आली.

पुकारा झाला. "मनकू उईके हाजीर हो..."

कुणी आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारा झाला. शिपाई व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन ओरडला. चिलमवार नुसता चष्मा पुसत राहिले, आणि ते प्रियदर्शीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच दुपारी दुसरा एक जामीन अर्ज होता. आरामशीनवरचा एक कामगार, चोरीचं लाकूड चिरताना पकडलेला. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. प्रियदर्शीने कागद चाळले आणि बाजूला ठेवले.

"पुढची तारीख."

बायको उठली नाही. शिपायाने तिला उठवलं.

कोर्ट सुटताच तो तडक तलावावर गेला. रविवार नव्हता. भन्ते भिक्षापात्र धूत होते.

"तो आला नाही," प्रियदर्शी दारातूनच म्हणाला.

"अच्छा."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. सोडला की पळतात. माझ्या बाबांच्या वेळी झालं, तेच झालं."

भन्तेंनी पात्र उपडं करून ठेवलं.

"आता काय करायचं मी?"

"कायद्यात काय आहे?"

"वॉरंट."

"मग काढ."

"एवढंच?"

"अजून काय असतं?"

प्रियदर्शी उंबऱ्यावर बसला. त्याला वाटलं होतं, भन्ते समजूत घालतील. निदान चुकलं म्हणतील. ते तलावाकडे बघत बसले. पाण्यावर बदकं उतरली होती, शिंगाड्याच्या वेलीत.

"आज एकाचा अर्ज बाजूला ठेवला," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, आधी ह्याचं काय होतंय ते बघू..."

भन्ते त्याच्याकडे वळले. मग पात्र उचलून आत गेले.

त्याने वॉरंट काढलं. ते निघून पोलिसांकडे पोचेपर्यंत, त्या दिवसांत नदीला आलेला पूर ओसरला होता. एका सकाळी प्रियदर्शी खुर्चीत येऊन बसला, तर समोर आरोपीच्या जागेवर मनकू उईके उभा. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, हातात चपला. कुणी पकडून आणलं नव्हतं. आपणच आला होता.

"तारखेला का आला नाहीस?"

"नदी चढली होती जी. डोंगा बंद. मी तं काठावर येऊन बसलो होतो... मंग उतार पडला तसा निंगालो."

"कुणाला सांगायचं तरी."

मनकूने आजूबाजूला बघितलं, जणू इथे कुणाला सांगायचं असतं तेच तो शोधत होता.

"साहेब, बोलावलं होतं ना तुमी," तो म्हणाला. "म्हणून आलो."

भैसारे मॅडम अर्ज द्यायला उठल्या, पण चिलमवारच आधी म्हणाले, "वॉरंट रद्द करायला आमची हरकत नाही, साहेब."

प्रियदर्शीने वॉरंट रद्द केलं. मग शिपायाला सांगून आरामशीनवरच्या कामगाराचे कागद काढायला लावले. त्याची बायको त्या दिवशी कोर्टात नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. अर्ज मंजूर झाल्याचं तिला दुसऱ्या कुणीतरी जाऊन सांगितलं.

दिवस मावळायच्या आत प्रियदर्शी पाळीवर पोचला. गाडीचं दार त्याने नीट लावलंही नाही. कुटीच्या अंगणात भन्ते वाकून एका रोपाला आळं करत होते.

"भन्ते, तो आला! आपल्या पायांनी आला. पूर होता म्हणून अडकला होता."

भन्ते हसले. त्या हसण्यात खरा आनंद होता.

"चांगलं झालं."

"आणि तो दुसरा, बाजूला ठेवलेला... त्यालाही आजच सोडला."

"आज?"

"हो, आजच. लगेच." प्रियदर्शीला दम लागला होता. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे हलके झाले होते. "म्हणजे मी बरोबर होतो, भन्ते. मनकूला सोडला ते बरोबरच होतं."

भन्तेंनी मातीचे हात झटकले. त्याच्याकडे मायेने बघत त्यांनी विचारलं,

"तो येईपर्यंत बरोबर नव्हतं?"